वालातील प्रथिन आणि कमलाबाई सोहोनी

2024 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जंपर या तिघांना देण्यात आले. प्रथिनांच्या रेणूंची घडण संगणकाच्या साहाय्याने वर्तविणे आणि नव्या प्रथिनांची रचना करणे, हे त्यांचे कार्य. जे काम पूर्वी एकेका प्रयोगशाळेची वर्षानुवर्षे खात असे, ते आता यंत्र काही मिनिटांत उरकते. वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित आकृत्या 2022 पासून जगात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेव्हा आता प्रयोगशाळेचे काय काम उरले, असे विचारणारे लोक निघाले यात नवल नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, जीवरसायनाचा नव्हे. परंतु एखाद्या वस्तूची किंमत कोसळली की तिची मागणी वाढते आणि तिच्याबरोबर लागणाऱ्या पूरक वस्तूची टंचाई भासू लागते, हा आमच्या शास्त्रातला जुना नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. आकृती स्वस्त झाली आहे. त्या आकृतीचा अर्थ मात्र महाग झाला आहे. हा अर्थ ज्यांनी उभे आयुष्य घालून, अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत मिळविला, त्यांपैकी एक बाई मराठी होत्या. डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, हे नाव विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. परंतु सर्वसाधारण मराठी वाचक त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई भागवत यांना जितका ओळखतो तितका कमलाबाईंना ओळखत नाही.

प्रथम ज्या प्रश्नाशी त्यांचे काम जोडलेले आहे तो प्रश्न आपल्या शेतातच पाहू. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावी भाताची कापणी उरकली की खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. हा वाल कोणीही कच्चा खात नाही. तो रात्रभर भिजत घालायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग त्याचे बिरडे शिजवायचे, असा हा सारा खटाटोप घरोघरच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. चवीसाठी करतात असे त्या सांगतील, आणि ते खोटे नाही. परंतु कच्च्या वालात एक असे प्रथिन आहे की जे आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला, म्हणजे एन्झाइमला, जखडून टाकते. ट्रिप्सिन जखडले गेले की अन्नातील प्रथिने नीट पचत नाहीत. म्हणजे वालात प्रथिने भरपूर असूनही ती खाणाऱ्याच्या अंगी लागत नाहीत. ज्यांच्या ताटात मांस-मासळी क्वचित पडते आणि ज्यांचा सारा भरवसा कडधान्यावर असतो, त्यांच्या मुलांच्या दृष्टीने हा काही केवळ पुस्तकी प्रश्न नव्हे.

1950 नंतरच्या दोन दशकांत मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील अशा ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचा पद्धतशीर शोध घेतला. वालातील रोधक त्यांनी वेगळा करून तपासला. तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या बनविणारे वालातील दुसरे एक प्रथिनही शुद्ध स्वरूपात मिळविले. विलायती संशोधकांचे लक्ष त्या काळी सोयाबीनवर केंद्रित झाले होते, कारण त्यांच्याकडे जनावरांना सोयाबीनची पेंड घातली जात असे. आमच्या वालाकडे, पावट्याकडे पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. ते काम इथल्याच कोणीतरी करायला हवे होते.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनेही तेथेच जावे हे घरात ठरल्यासारखेच होते. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. रामन यांना नोबेल पारितोषिक मिळून अवघी तीन वर्षे झाली होती आणि त्यांचा शब्द म्हणजे कायदा होता. त्यांनी अर्ज नाकारला; कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या स्वतः बंगलोरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागू लागल्या. देशात सत्याग्रहाचे वारे वाहत होते. हाही एक सत्याग्रहच होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीबेरात्रीही, त्यांनी काम केले पाहिजे. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. या तिसऱ्या अटीवर भाष्य करण्याची गरज नाही. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर स्त्रियांना त्या संस्थेची दारे उघडली. कमलाबाईंनी मात्र तो अपमान विसरला नाही आणि उतारवयात तो जाहीरपणे बोलूनही दाखविला. रामन यांच्या मोठेपणाला त्यामुळे बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. पण मोठा माणूस किती लहान वागू शकतो याची नोंद राहिली पाहिजे, आणि ती कमलाबाईंनी ठेवली हे बरे झाले.

बंगलोरला श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. 1936 साली एम.एस्सी. झाली. विषयाची ही निवड ध्यानात घेण्यासारखी आहे, कारण पुढे तीस वर्षे त्यांनी ती सोडली नाही. मधे 1937 ते 1939 हा काळ केंब्रिजचा. शिष्यवृत्तीवर त्या तेथे गेल्या आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हे हिल म्हणजे वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातील ज्यांच्या नावाची प्रक्रिया आज प्रत्येक विज्ञानाचा विद्यार्थी शिकतो तेच.

त्याच केंब्रिजमध्ये डेव्हिड कायलिन यांनी 1925 साली सायटोक्रोम या रंगीत प्रथिनांचा शोध जाहीर केला होता. श्वसनाच्या वेळी पेशीत जी ऊर्जा मुक्त होते, तिच्या साखळीतील ही महत्त्वाची कडी. प्राण्यांच्या स्नायूंत आणि किण्वात ती होती हे ठाऊक झाले होते. उच्च वनस्पतींत हीच व्यवस्था चालते काय, हा प्रश्न उघडा होता. कमलाबाईंनी बटाट्यावर व इतर वनस्पतींवर प्रयोग करून दाखवून दिले की सायटोक्रोमची यंत्रणा वनस्पतींच्या पेशींतही आहे. हिल व भागवत या दोन नावांनी त्यावरचे टिपण 1939 साली 'नेचर' या नियतकालिकात आले. प्रबंधाचे काम चौदा महिन्यांत झाले आणि तो अवघा चाळीस पानांचा होता असे सांगतात. आमच्या विद्यापीठांतील चारचारशे पानी प्रबंध पाहिले की या आकड्याची आठवण हटकून होते. विज्ञान विषयात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

या चाळीस पानांचे पुढे काय झाले, ते संगणकाच्या प्रकरणाशी येऊन भिडते. सायटोक्रोम-सी हे लहानसे प्रथिन, सुमारे शंभर अमिनो आम्लांची एक माळ. ते घोड्यात आहे, माशात आहे, माणसात आहे, किण्वात आहे आणि वनस्पतींतही आहे. म्हणूनच सजीवांची आपापसांतील नाती तपासण्यासाठी संशोधकांनी प्रथम जी प्रथिने हाती घेतली त्यांत ते अग्रभागी होते. 1967 साली फिच व मार्गोलियाश या दोघांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या सायटोक्रोम-सीमधील अमिनो आम्लांचा क्रम संगणकावर ताडून वंशवृक्ष मांडला. माणसाचे आणि चिंपांझीचे हे प्रथिन एकसारखे आहे. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची त्रिमितीतील घडण मिळाली, प्रथम घोड्याची, मग ट्यूना माशाची. आणि 1983 साली जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या सायटोक्रोम-सीची घडण प्रसिद्ध केली. भाताची माळ माशाच्या माळेहून थोडी लांब आहे, अनेक ठिकाणी मणी वेगळे आहेत. पण दोन्ही आकृत्या एकमेकींवर ठेवल्या तर मधल्या लोहयुक्त चकतीभोवती त्या तशाच वळसे घेतात. सावित्रीच्या पाण्यातला मासा आणि काठावरच्या खाचरातले भात श्वास घेतात तो एकाच जातीच्या यंत्राने. वनस्पतींत हे यंत्र आहे हे दाखविणाऱ्यांत कमलाबाई होत्या.

आकृत्या एकमेकींवर ठेवणे हे मात्र बोलायला सोपे आहे. कोणता भाग कोणत्या भागावर ठेवायचा हेच आधी ठाऊक नसते. यावर जे उपाय निघाले त्यांतला एक अर्थशास्त्राच्या माणसाला सहज पटतो. एस.टी.च्या स्थानकांमधील अंतरांचा तक्ता आपण पाहिलेला असतो: महाडपासून पोलादपूर किती, पोलादपूरपासून खेड किती, प्रत्येकापासून प्रत्येकाचे अंतर. सर्व जोड्यांची अंतरे हाती असली तर नकाशाच्या आकाराची माहिती त्या आकड्यांतच दडलेली असते, आणि कागद कसाही फिरवला तरी आकडे बदलत नाहीत. प्रथिनातील प्रत्येक अमिनो आम्लापासून प्रत्येकाचे अंतर असाच तक्त्यात मांडता येते. मग दोन रेणूंऐवजी दोन तक्ते ताडायचे, त्यांतले सारखे चौकोन हुडकायचे आणि जुळणाऱ्या तुकड्यांतून सारे साम्य उभे करायचे. होल्म व सँडर यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेली 'डाली' ही पद्धती या तत्त्वावर चालते. अलीकडची 'फोल्डसीक' ही पद्धती आणखी पुढे जाऊन घडणीचे रूपांतर वीस अक्षरांच्या एका लिपीत करते व कोश चाळावा तशी कोट्यवधी आकृत्यांतून सारखी आकृती शोधून काढते. 1971 साली अमेरिकेत प्रथिनांच्या घडणींची पेढी उघडली तेव्हा तीत सात आकृत्या होत्या. आता प्रयोगाने सिद्ध झालेल्याच दोन लाखांवर आहेत.

साम्य सापडले की काम कळले, असे मानण्याचा मोह येथे होतो. तो घातक आहे. दुधातील एक प्रथिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन, आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम ही दोन्ही घडणीने सख्खी भावंडे शोभतात. परंतु दुसरे जंतूंचे कवच फोडते, तर पहिले दुधातील साखर तयार होण्यास हातभार लावते. उलट बाजूही आहे. आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन आणि जीवाणूंतील सबटिलिसिन यांच्या एकंदर घडणीत काडीचे साम्य नाही. तरी दोन्ही प्रथिने कापतात, आणि कापण्याच्या जागी तीच तीन अमिनो आम्ले त्याच कोनांत उभी आहेत. निसर्गाने एकच हत्यार दोनदा, दोन निराळ्या मुठींना बसवून घडविले.

वालाचा रोधक याच प्रकरणात बसतो. तो ज्या कुळातला आहे त्याला बोमन-बर्क अशी संज्ञा आहे. लहान, घट्ट टाचलेला रेणू. दोन तोंडे, त्यांतले एक ट्रिप्सिनच्या कुलुपात जाऊन बसते. कुनिट्झ नावाच्या दुसऱ्या कुळातले रोधक पूर्णतः निराळ्या बांध्याचे आहेत. संपूर्ण आकृती ताडणाऱ्या संगणकाला ही दोन कुळे परकी वाटतील. पण केवळ कुलुपात शिरणारा लहानसा फास ताडून पाहिला तर तो दोन्हींत जवळजवळ एकसारखा वळलेला दिसतो. कोणता तुकडा ताडावा हे मात्र संगणकाला आधी कोणीतरी सांगावे लागते. हे प्रथिन ट्रिप्सिनला अडविते, हे ज्ञान परीक्षानळीतून आले. दाणे दळून, अर्क काढून, तो गाळून, त्यात ट्रिप्सिन घालून, किती प्रथिन पचले व किती राहिले हे दिवसेंदिवस मोजून ते मिळाले.

आज कोशातील असंख्य प्रथिनांपुढे त्यांचे कार्य लिहिलेले असते ते अशा प्रयोगाने सिद्ध झालेले नसून दुसऱ्या कोणासारखे दिसते एवढ्यावरून लिहिलेले असते. हा दुसरा कधी कधी तिसऱ्यावरून ठरलेला असतो. आमच्या महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नोटांचे चलन कितीही वाढले तरी तिजोरीत खरी ठेव किती, हा प्रश्न त्यांच्या पिढीला सुटत नसे. (तरुणपणी केंब्रिजमध्ये तेही निसर्गविज्ञानच शिकले होते.) प्रथिनांच्या कोशाला हाच प्रश्न विचारला पाहिजे. ठेव प्रयोगशाळेत पडते. नोटा छापणे आता फार सोपे झाले आहे.

1939 साली कमलाबाई परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. 1947 साली विमागणिती माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. विज्ञान संस्थेत नव्याने उघडलेल्या जीवरसायन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते आणि नीरेचा गूळ केला तरी ती पोषणद्रव्ये बऱ्याच अंशी टिकतात, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. आदिवासी वस्त्यांतील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिचा उपयोग झाला. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला होता. विषय पाहा: दूध, डाळ, वाल, नीरा. आंतरराष्ट्रीय कीर्ती ज्या विषयांत लवकर मिळते असे हे विषय नव्हेत.

संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला हवे होते त्याहून चार वर्षे उशिरा आले, आणि ते स्त्री असल्यामुळे, असे त्यांचे चरित्र सांगणारे लिहितात. बंगलोरचे परीक्षेचे एक वर्ष आणि ही चार, मिळून पाच. त्याचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. कारखान्यातील यंत्र पाच वर्षे बंद राहिले असते तर लेखापरीक्षकाने ताशेरे ओढले असते.

1966 साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली, तीतही कमलाबाई होत्या. भेसळीचा काळ होता. दूध, तेल, मसाले कशावरच भरवसा नव्हता. वालाचा अर्क तपासणारा हात आता बाजारातील जिन्नस तपासू लागला. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत; 1982-83 मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षाही होत्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ग्राहकाला सर्व माहिती असते असे गृहीत धरलेले असते. ही माहिती कोणीतरी खर्च करून निर्माण करावी लागते, ही गोष्ट या बाईंनी आम्हां अर्थशास्त्रज्ञांच्या आधी ओळखली होती.

1998 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. देशाला त्यांची आठवण एवढ्या उशिरा झाली. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

महाराष्ट्रात संगणकाची वाण नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1980च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू झाले. दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. रायगड-रत्नागिरीतील वालाच्या प्रत्येक स्थानिक वाणात ट्रिप्सिनरोधक किती, भिजवल्याने किती कमी होतो, मोड आणल्याने किती, उकळल्याने किती, याचे कोष्टक तयार करायला परमसंगणक लागत नाही. एक पदव्युत्तर विभाग, दोन-तीन तरुण संशोधक आणि चार हंगाम एवढे पुरे. त्या कोष्टकाची जोड मिळाली तर पुण्याच्या संगणकावर ताडून दाखविलेल्या आकृतीतून कोणत्या वाणाचे दाणे अंगणवाडीच्या पातेल्यात घालावेत हे सांगता येईल. अशा कामाला पैसा कोणत्या शीर्षाखाली द्यायचा, कृषी की आरोग्य की विज्ञान, यावर फायली अडणार हे उघड आहे. कमलाबाई तीनही शीर्षांखाली बसल्या असत्या.